हा माणूस खरंच असा असेल का?

१. एका खलनायकाची चौकशी

रात्रीचं जेवण, समोर मालिका, आणि पडद्यावर कुणीतरी कुणाचा तरी छळ मांडलेला. अशा वेळी घरातल्या कुणाच्या तरी तोंडून एक प्रश्न हमखास निघतो: हा माणूस खऱ्या आयुष्यातही असाच असेल का? उत्तरंही तयार असतात. ‘डोळ्यांतच दिसतं की त्याच्या.’ ‘मुळात खाष्ट असल्याशिवाय इतकं जमायचं नाही.’ ‘ती किती सोज्वळ आहे बघा, उगीच नाही तिला अशा भूमिका मिळत.’ नटनट्यांना यातलं कुणी कधी भेटलेलं नसतं, तरी त्यांच्याबद्दलची मतं मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दलच्या मतांइतकी पक्की असतात.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत जास्त ताप ज्यांना झाला, ते निळू फुले. ‘एक गाव बारा भानगडी’ या १९६८च्या चित्रपटातून ते पडद्यावर आले आणि पुढची कित्येक वर्षं मराठी सिनेमातला बेरकी पाटील, सरपंच, साखरसम्राट म्हणजे निळू फुले असं समीकरण होऊन बसलं. किंचित तिरपी मान, घशातून निघणारा खर्जातला आवाज, समोरच्या बाईवर रेंगाळणारी नजर. गावोगावच्या बायका त्यांना पाहून बोटं मोडायच्या, असे किस्से आजही सांगितले जातात.

पडद्यामागचा माणूस कोण होता? पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला कार्यकर्ता. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचं नाव झालं. पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ असो की कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी उभा राहिलेला सामाजिक कृतज्ञता निधी, निळूभाऊ तिथे मनापासून होते. वाचनाचा नाद, राहणी साधी, बोलणं मृदू. २००९ साली ते गेले, तेव्हा त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे सगळं पुन्हा एकदा सांगावंसं वाटलं. इतकी वर्षं लोटल्यावरही ते सांगावं लागत होतं, यातच पडद्यावरच्या पाटलाची ताकद दिसते.

मग त्या बोटं मोडणाऱ्या बायका अडाणी होत्या का? मुळीच नाही. चांगली शिकलेली माणसंही हेच करतात आणि त्याचा पुरावा प्रयोगशाळेत मिळालेला आहे.

२. कळतं, पण वळत नाही

१९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोबद्दलचे निबंध वाचायला दिले. काही निबंध कॅस्ट्रोची बाजू घेणारे, काही विरोधातले. वाचून झाल्यावर एकच प्रश्न: हा निबंध लिहिणाऱ्याचं स्वतःचं मत काय असावं?

लेखकाने बाजू स्वतः निवडली आहे असं सांगितलेलं असताना विद्यार्थ्यांनी निबंधावरून त्याचं मत ओळखलं, ते ठीकच. पण दुसऱ्या गटाला स्पष्ट सांगितलं होतं की बाजू लेखकाने निवडलेली नाही, ती त्याला नेमून दिली होती. म्हणजे निबंधावरून त्याच्या मनातलं काहीच कळायला नको. तरीही कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणारा हा मनातून थोडाफार कॅस्ट्रोवादी असणारच, असं या गटालाही वाटलं. माहिती कानावर पडली होती, पण मतावर तिचा परिणाम पुरेसा झाला नाही.

पुढे १९७७ मध्ये ली रॉस यांनी या प्रवृत्तीला नाव दिलं. मराठीत त्याला ‘कारण लावण्यातली मूलभूत चूक’ म्हणता येईल. माणूस एखादी गोष्ट करताना दिसला की आपण तिचं कारण त्याच्या स्वभावात शोधतो. त्याच्यावरची परिस्थिती, सक्ती, नेमून दिलेलं काम यांना फार कमी वजन देतो. बँकेतला कारकून तुटकपणे बोलला तर ‘माणूसच उर्मट’ असं वाटतं. मागे लागलेली रांग आणि बंद पडलेलं सॉफ्टवेअर नंतर आठवतं.

आता नटाचं काम पाहा. त्याचं प्रत्येक वाक्य नेमून दिलेलं असतं. चालणं, उठणं, थप्पड मारणं, रडणं, सगळंच ठरवून दिलेलं. नेमून दिलेल्या निबंधाचं याहून चोख उदाहरण सापडणार नाही. इस्रायलमधल्या हैफा इथल्या संशोधकांनी २००७ मध्ये नेमकं हेच टीव्हीच्या प्रेक्षकांवर तपासलं. नटाच्या मागे लिहिलेली संहिता आहे हे ठाऊक असूनही लोक पात्राचे गुणदोष नटाला चिकटवतात, असंच तिथेही दिसून आलं.

यात नटाच्या कौशल्याचाही हात आहे, ही गोष्ट महत्त्वाची. कच्चा नट असेल तर संहिता दिसते; तो पाठ केलेलं बोलतोय हे चटकन लक्षात येतं आणि मग त्याच्यावर कुणी चिडत नाही. कसलेला नट संहिता पूर्ण झाकून टाकतो. निळू फुले यांच्या वाट्याला शिव्याशाप आले ते या कौशल्यामुळे. दुःख एवढंच की अशा वेळी कौतुक पात्राच्या नावे जमा होतं आणि राग नटाच्या.

३. राम निवडून आला, आणि रावणही

दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. तरी पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढून बसत, अशी आठवण सांगितली जाते. सत्तर वर्षांनी, २५ जानेवारी १९८७ला रामानंद सागर यांचं ‘रामायण’ दूरदर्शनवर सुरू झालं, तेव्हा अनेक घरांत टीव्हीलाच हार घातले गेले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. अरुण गोविल दिसले की लोक पाया पडत.

पण पुढची हकिकत या सरळ गोष्टीत बसत नाही. १९९१च्या लोकसभा निवडणुकीत सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्यातून निवडून आल्या. त्याच निवडणुकीत साबरकांठा मतदारसंघातून अरविंद त्रिवेदीही खासदार झाले. ते मालिकेतले रावण! ‘महाभारता’तले कृष्ण, मराठमोळे नितीश भारद्वाज, १९९६ मध्ये जमशेदपूरमधून लोकसभेत गेले. आणि खुद्द रामाला, म्हणजे अरुण गोविल यांना, खासदार व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं.

प्रेक्षक जर पात्राचे गुणदोष जसेच्या तसे नटाला चिकटवत असतील, तर रावणाला मतं कशी मिळाली? पक्षाची हवा, मतदारसंघाची गणितं हे सगळं होतंच. पण त्याशिवाय इथे आणखी एक गोष्ट काम करत होती, ती म्हणजे ओळख.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्ये, टीव्ही अजून नवा असताना, एक निरीक्षण मांडलं. पडद्यावर नियमित दिसणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाचं एक नातं तयार होतं. हे नातं एकतर्फी असतं. पडद्यावरच्या माणसाला समोरचा कोण हे ठाऊक नसतं. तरी प्रेक्षकाच्या बाजूने त्यात खऱ्या ओळखीची ऊब असते. त्याची तब्येत बिघडल्याचं ऐकून काळजी वाटते, त्याचं लग्न ठरल्याचं वाचून बरं वाटतं.

हे नातं मालिकांत सिनेमापेक्षा घट्ट का होतं, ते साध्या हिशेबाने कळतं. ईटीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी चालली. तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. जाहिराती वगळून एक भाग २२ मिनिटांचा धरला, तर ३००० भागांची ६६,००० मिनिटं, म्हणजे ११०० तास होतात. अडीच तासांचा एक सिनेमा या मापाने हे ४४० सिनेमे झाले. एखाद्या सख्ख्या मावशीबरोबरही इतका वेळ कुणी घालवत नसेल.

त्या मालिकेतल्या सासूबाई, रोहिणी हट्टंगडी, यांनी रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’मध्ये (१९८२) कस्तुरबा केल्या होत्या आणि त्यासाठी ब्रिटिश चित्रपटसृष्टीचा बाफ्टा पुरस्कार मिळवला होता. तो चित्रपट तीन तासांच्या थोडा वर आहे. मराठी घरांतल्या एका अख्ख्या पिढीच्या मनात त्या आधी सासूबाई आहेत आणि मग कस्तुरबा, याचं कारण या हिशेबात आहे. तीन तासांची ओळख अकराशे तासांच्या ओळखीपुढे टिकणं अवघडच.

४. चेहरा एकाचा, काम अनेकांचं

‘काय डोळ्यांनी बोललाय!’ हे सिनेमातल्या नटाला मिळणारं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. कित्येकदा ते अगदी योग्य असतं. पण डोळे बोलले की त्यांच्याकडून बोलवून घेतलं गेलं, हे ठरवण्याआधी शंभर वर्षांपूर्वीच्या रशियातला एक प्रयोग माहीत असायला हवा.

लेव कुलेशोव हे तिथले एक तरुण दिग्दर्शक. त्यांनी मोझ्झुखिन नावाच्या प्रसिद्ध नटाच्या चेहऱ्याचा एक तुकडा घेतला. चेहरा शांत, विशेष भाव नसलेला. हा तुकडा त्यांनी वेगवेगळ्या दृश्यांना जोडला: एकदा सूपच्या थाळीला, एकदा शवपेटीला, एकदा एका सुंदर स्त्रीला. प्रेक्षकांनी पाहिलं आणि नटाची वाहवा केली. सूपकडे पाहताना केवढी भूक, मृतदेहाकडे पाहताना केवढं दुःख, त्या स्त्रीकडे पाहताना केवढी ओढ! तुकडा मात्र प्रत्येक वेळी तोच होता. भूक, दुःख आणि ओढ प्रेक्षकांच्या मनात तयार झाली. ती कारागिरी संकलकाची, म्हणजे दृश्यांचे तुकडे कापून जोडणाऱ्याची होती.

याचा अर्थ सिनेमात नट काहीच करत नाही असा कुणी काढू नये. अर्थ इतकाच, की पडद्यावर दिसणारा ‘अभिनय’ ही सामूहिक निर्मिती असते. कोणता टेक ठेवायचा, चेहऱ्याच्या किती जवळ जायचं, कुठे थांबायचं, मागे कोणतं संगीत वाजवायचं, यातलं काहीच सहसा नटाच्या हातात नसतं. पंगतीत आमटी वाढणाऱ्यालाच ‘काय झालीय आमटी!’ म्हणावं, तसं आपण सगळं श्रेय समोर दिसणाऱ्याला देऊन टाकतो.

आवाजाचीही तीच कथा. ‘आखरी रास्ता’मध्ये (१९८६) श्रीदेवीच्या तोंडून आवाज येतो तो रेखाचा. ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभासचा धीरगंभीर आवाज ऐकून थिएटरं दणाणली, तो आवाज शरद केळकर या मराठी नटाचा. ‘पुष्पा’ (२०२१) हिंदीतून पाहून अल्लू अर्जुनच्या बोलण्याच्या लकबीवर फिदा झालेल्या लाखो लोकांनी प्रत्यक्षात श्रेयस तळपदे यांना दाद दिली होती. हे आवाज देणं साधं काम नाही. दुसऱ्याच्या ओठांच्या हालचालीत, दुसऱ्याच्या श्वासाच्या मापात, स्वतः न दिसता अभिनय करायचा. पुरस्कारांच्या यादीत या कामाला अजून पुरेशी जागा नाही आणि ती असायला हवी.

रंगभूमीवर मात्र चित्र पालटतं. तिथे कापाकापी नाही, दुसरा टेक नाही. पडदा वर गेला की पुढचे दोन-तीन तास नटाचे. म्हणून नटाची पारख करायची तर नाटकासारखी जागा नाही, असं जुने प्रेक्षक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे.

५. भरतमुनींचे चार भाग

‘चांगला अभिनय’ म्हणजे नेमकं काय, हे सांगताना बहुतेकांची गाडी ‘म्हणजे... एकदम खरं वाटलं’ इथे अडते. अशा वेळी नाट्यशास्त्र फार कामाला येतं. भरतमुनींनी अभिनयाचे चार भाग केले आहेत. पहिला आंगिक, म्हणजे शरीराचा: चाल, हात, मान, नजर. दुसरा वाचिक, म्हणजे वाणीचा: उच्चार, आवाजाची पट्टी, थांबे. तिसरा आहार्य, म्हणजे वेश, रंगभूषा, दागिने, सामान. आणि चौथा सात्त्विक, म्हणजे मनातून शरीरावर उमटणारा: डोळ्यांत उभं राहणारं पाणी, अंगावरचा काटा, कापणारा आवाज, उतरलेला रंग.

मत देण्याआधी या चारांपैकी नेमकं काय आवडलं हे स्वतःला विचारलं, तर मताला एकदम धार येते.

आहार्यावर प्रेक्षक लवकर भाळतो. पांढरे केस, वाढलेलं पोट, कृत्रिम नाक दिसलं की ‘केवढं सोंग वठवलं!’ असं वाटतं. पण त्यातला मोठा वाटा रंगभूषाकाराचा आणि वेशभूषाकाराचा असतो. नटाचा कस लागतो तो त्या वेशाला शोभेल असं शरीर आणि वाणी उभी करण्यात. बालगंधर्वांचे शालू आणि दागिने त्या काळी चर्चेचा विषय होते आणि घरंदाज बायका त्यांच्या नेसण्याची नक्कल करत. पण नुसत्या शालूची नक्कल कुणी करत नाही. तो नेसून चालणारी, वळणारी, लाजणारी स्त्री पुरुषाच्या देहातून खरी वाटत होती, म्हणून ती नक्कल झाली.

‘सारांश’मध्ये (१९८४) मुंबईतल्या निवृत्त मराठी शिक्षकाची, प्रधान मास्तरांची, भूमिका अनुपम खेर यांनी केली तेव्हा ते तिशीच्या आतले होते. टक्कल आणि पिकलेली मिशी हे झालं आहार्य. ते काढून टाकलं तरी म्हातारपण उरतं का, हा खरा प्रश्न. सरकारी कचेरीत मुलाच्या अस्थी मागायला गेलेला हा माणूस पाहा. सुरुवातीचा आवाज नियम पाळणाऱ्या शिक्षकाचा आहे; तो फुटतो तेव्हा एका क्षणी वाक्य पुरं करण्याइतका श्वासही त्याच्याजवळ उरत नाही. इथे वाचिक आणि सात्त्विक एकमेकांत मिसळतात, आणि नट किती तरुण आहे याची आठवणही होत नाही.

सात्त्विकाबद्दल एक लोकप्रिय समज आहे: जो जास्त रडतो तो मोठा नट. रडू ग्लिसरीननेही आणता येतं. दुःख दाबून ठेवणं, ते लपवायचा प्रयत्न करणं आणि तरी प्रेक्षकाला ते दिसणं, हे कितीतरी कठीण. त्याहून कठीण म्हणजे ऐकणं. समोरचा बोलत असताना पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटायला लावणं. वाक्य पाठ असतं, उत्तर पाठ असतं, तालमी झालेल्या असतात. नाटकाचा तर शंभरावा प्रयोगही असू शकतो. तरीही कान ताजे ठेवावे लागतात. ज्याला एखाद्या नटाबद्दल खात्रीने काही म्हणायचं असेल, त्याने तो नट गप्प असतानाचे प्रसंग पाहावेत.

नटाने भावना खरोखर अनुभवावी की नुसती दाखवावी, हा वाद फार जुना आहे. फ्रान्सचे दिदरो अठराव्या शतकात म्हणत होते की मोठा नट आतून थंड असतो, म्हणूनच रोज रात्री तो तेवढंच उत्कट काम करू शकतो. रशियाचे स्तानिस्लावस्की यांनी पात्राच्या परिस्थितीत मनाने शिरण्याची शिस्त शिकवली. प्रेक्षकाच्या दृष्टीने दोन्ही वाटा चालतात. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो परिणाम. नटाच्या आत त्या क्षणी काय चाललं होतं हे पडद्यावरून कळायला मार्ग नाही.

६. एक भूमिका, अनेक नट. एक नट, दोन मास्तर

भूमिका आणि नट वेगळे करून पाहायचे असतील तर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे तुलना. तीही दोन प्रकारांनी.

पहिला प्रकार: भूमिका तीच, नट वेगळे. मराठीत यासाठी ‘नटसम्राट’ हाताशी आहे. वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक धी गोवा हिंदू असोसिएशनने १९७० मध्ये रंगमंचावर आणलं. गणपतराव बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू, तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. कान-नाक-घशाचा शल्यविशारद म्हणून जमलेला व्यवसाय सोडून त्यांनी नुकताच पूर्णवेळ नट व्हायचा निर्णय घेतला होता. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा तोलामोलाच्या नटांनी हीच भूमिका केली. २०१६च्या १ जानेवारीला महेश मांजरेकर यांचा चित्रपट आला तो नाना पाटेकरांना घेऊन, नानांच्या पासष्टाव्या वाढदिवशी.

शब्द बव्हंशी तेच, दुःख तेच. मग या सगळ्यांच्या बेलवलकरांमध्ये जे वेगळं आहे, ते त्या त्या नटाचं. आणि जे सगळ्यांमध्ये सारखं आहे, प्रत्येकाच्या वेळी डोळ्यांत पाणी आणतं, ते शिरवाडकरांचं. या एका वजाबाकीने लेखकाचा आणि नटाचा हिशेब बराचसा सुटतो. लागूंना शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाजाने पोहोचायचं होतं. त्यांच्या बेलवलकरांत भाषेचा ऐश्वर्यशाली डोलारा आहे आणि तो कोसळतो तेव्हा आवाज होतो. नानांच्या समोर कॅमेरा आहे, पापणी हलली तरी टिपणारा. त्यामुळे त्यांचा बेलवलकर पुटपुटू शकतो, वाक्य मध्येच गिळू शकतो. यातला मोठा कोण, हा वाद घरोघरी होतो. पण दोघांची माध्यमं निराळी होती हे धरूनच तो व्हायला हवा.

दुसरा प्रकार: नट तोच, भूमिका वेगळ्या. इथेही लागूच मदतीला येतात. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त (१९७२) ते गावातले आदर्श मास्तर आहेत. तमाशातल्या नर्तकीपायी घसरत घसरत ते फडातले हरकामे होतात. इकडे एका मृतदेहावरून गाव समजतं की मास्तर गेले. गाव त्यांना देवपण देतं. आणि शेवटी, मास्तरांच्या खुनाच्या आरोपाखाली खुद्द मास्तरच पकडले जातात. गावाच्या मनातली मूर्ती भंगू नये म्हणून ते खरं बोलत नाहीत. या प्रकरणाचा सगळा विषय त्या कथेत आहे: माणूस समोर उभा असताना लोकांना त्याच्या प्रतिमेचीच जास्त आस आहे.

तीनच वर्षांनी जब्बार पटेल यांच्या ‘सामना’त (१९७५, पटकथा विजय तेंडुलकर) लागू पुन्हा मास्तर झाले. पण हा मास्तर सुरुवातीलाच कोसळलेला आहे. दारूत बुडालेला एक जुना स्वातंत्र्यसैनिक साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाच्या गावात येऊन पडतो, आणि मारुती कांबळे या माणसाचं काय झालं हा प्रश्न धरून हळूहळू पायांवर उभा राहतो. ‘पिंजरा’तला मास्तर ताठ कण्यापासून वाकत जातो, ‘सामना’तला वाकलेल्या कण्यापासून ताठ होत जातो. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहून फक्त पाठीकडे लक्ष ठेवलं, तरी आंगिक अभिनय म्हणजे काय ते कुणालाही समजेल.

‘सामना’तले हिंदुराव अर्थातच निळू फुले. आणि चार वर्षांनी, ‘सिंहासन’मध्ये, तेच निळू फुले दिगू टिपणीस नावाचा पत्रकार होतात. हा दिगू सत्तेचा खेळ नुसता पाहत राहतो. त्याची नजर कुणावर रेंगाळत नाही, आवाज कुणाला दटावत नाही. ज्यांनी हिंदुराव आणि दिगू दोन्ही पाहिले, त्यांना ‘डोळ्यांतच दिसतं त्याच्या’ हे वाक्य पुन्हा म्हणवणार नाही.

७. शिक्का कसा बसतो

मग इतके चांगले नट एकाच साच्यात का अडकतात? नेहमीचं उत्तर ‘त्यांना दुसरं काही जमत नाही’ असं असतं. ते बहुतेक वेळा अन्याय्य असतं.

येवल्याच्या ललिता पवार मूकपटांच्या काळात नायिका होत्या. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात सहनटाची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला लकवा झाला, उपचार काही वर्षं चालले आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. मग त्याच बारीक झालेल्या डोळ्याने हिंदी-मराठी सिनेमाला त्याची सर्वांत प्रसिद्ध खाष्ट सासू दिली. आणि १९८७ मध्ये ‘रामायणा’तली मंथराही. ज्या डोळ्यात लोकांना कपट दिसलं, तो एका अपघाताने जखमी झालेला डोळा होता. याच बाईंनी ‘श्री ४२०’मध्ये मायाळू केळेवाली केली, ‘अनाडी’त (१९५९) वरून कडक आणि आतून लोण्यासारखी मिसेस डिसा केली आणि तिच्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. नटीचा आवाका दाखवायला एवढं पुरेसं होतं. तरी निर्मात्यांनी सासूसाठीच बोलावणं चालू ठेवलं, कारण प्रेक्षकाला ती ओळख आयती मिळत होती. नवी पटवून देण्यात रिळं खर्ची पडली असती.

सदाशिव अमरापूरकरांचंही असंच झालं. ‘अर्धसत्य’मधला (१९८३) त्यांचा रामा शेट्टी आवाज चढवत नाही. मोजके प्रसंग, संथ बोलणं, आणि तरीही समोरचा पोलीस अधिकारी लहान वाटू लागतो. अहमदनगरच्या हौशी रंगभूमीवरून आलेल्या या अभ्यासू नटाला त्यानंतर हिंदीने खलनायकांच्या रांगेत बसवलं. ‘सडक’मधल्या (१९९१) महाराणीसाठी त्यांना खलनायकाचा फिल्मफेअर मिळाला. हा पुरस्कार तेव्हा पहिल्यांदाच दिला गेला.

शिक्का प्रेमाचाही असतो, आणि तो पुसणं रागाच्या शिक्क्याहून कठीण. लक्ष्मीकांत बेर्डे म्हणजे हमखास हशा, हे ऐंशीच्या दशकात ठरून गेलं होतं. १९९२ मध्ये जब्बार पटेल यांनी पु. ल. देशपांडे यांच्या लेखणीतून उतरलेला ‘एक होता विदूषक’ केला आणि त्यात लक्ष्मीकांतला नायक केलं: तमाशातला सोंगाड्या, यश, राजकारण आणि आतून पोखरत जाणारा माणूस. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही. हसायला आलेल्या प्रेक्षकाला ‘लक्ष्या’ हवा होता. लक्ष्मीकांतने त्या चित्रपटात दाखवलेली खोली पुन्हा फारशी कुणी वापरली नाही, हे मराठी सिनेमाचं मोठं नुकसान आहे.

मानसशास्त्रात याला वलयाचा परिणाम म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवलं की लष्करी अधिकारी एखाद्या सैनिकाला एका गुणात वरचढ ठरवतात, तेव्हा इतर असंबद्ध गुणांतही त्याला झुकतं माप देतात. नटाच्या बाबतीत पहिली गाजलेली भूमिका हे वलय तयार करते आणि पुढच्या सगळ्या भूमिका त्याच्याच उजेडात पाहिल्या जातात.

यातून सुटलेले नट थोडे. दिलीप प्रभावळकर त्यांतले एक. दूरदर्शनवरचे चिमणराव, ‘चौकट राजा’तला (१९९१) बालबुद्धीचा नंदू, ‘झपाटलेला’तला (१९९३) तात्या विंचू, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा, आणि मग ‘लगे रहो मुन्नाभाई’तले (२००६) गांधीजी. या शेवटच्या भूमिकेसाठी, ‘शेवरी’ या मराठी चित्रपटाबरोबर, त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तात्या विंचूने ज्यांना लहानपणी अंथरुणात दडी मारायला लावली, तीच पिढी तेरा वर्षांनी त्याच माणसाला बापू म्हणून निमूट ऐकत होती. त्यांनी कोणतीही एक भूमिका इतकी लांबवली नाही की दुसरीला जागाच उरू नये. चेहरा असा ठेवला की त्यावर काहीही लिहिता यावं. प्रभावळकर खऱ्या आयुष्यात कसे असतील, असा प्रश्न त्यांच्या प्रेक्षकांना पडलाच, तर चिमणराव, नंदू, तात्या, आबा आणि बापू यांपैकी कुणाकडे पाहून उत्तर द्यायचं, हे त्यांना ठरवता येत नाही.